पाऊण तासात तीन डोस : मॉर्फिन शोधणाऱ्या सेर्ट्युर्नरची गोष्ट आणि सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांचा धडा

दिवाळीत अनारशावर आपण जी खसखस लावतो, ती अफूच्या झाडाची बी. बी निरुपद्रवी असते. पण त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक बाहेर येतो, तो वाळून तपकिरी होतो, आणि त्यालाच आपण अफू म्हणतो. या अफूत वेदना शमवणारे नेमके काय असते, हे जगाला पहिल्यांदा दाखवले एका विशीतल्या जर्मन मुलाने. त्याच्याकडे ना विद्यापीठाची पदवी होती, ना प्रयोगशाळा. तो औषधाच्या दुकानात उमेदवारी करत होता.

त्याचे नाव फ्रीडरिश सेर्ट्युर्नर. त्याने शोधलेले मॉर्फिन आज दोनशेहून जास्त वर्षांनंतरही कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध आहे. पण सेर्ट्युर्नरच्या आयुष्यातला एक प्रसंग असा आहे, जो आज घरात मॉर्फिनची गोळी असलेल्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यायला हवा. त्या दिवशी त्याने स्वतःला आणि तीन मुलांना जवळजवळ मरणाच्या दारात नेले होते. चूक होती ती वेळेची.

अफू होतीच, मग अडचण काय होती?

सेर्ट्युर्नरचा जन्म १९ जून १७८३ चा, जर्मनीतल्या पाडेरबोर्नजवळच्या नॉयहाउस या गावचा. वडील तिथल्या राजबिशपच्या पदरी बांधकामाचे आणि मोजणीचे काम करत. १७९८ मध्ये वडील गेले आणि घरची घडी विस्कटली. पुढच्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, मुलाला पाडेरबोर्नच्या दरबारी औषधशाळेत उमेदवारीला लावण्यात आले.

त्या काळचे औषधाचे दुकान म्हणजे आजच्यासारखी पाकिटांची फडताळे नव्हेत. मुळ्या कुटायच्या, काढे उकळायचे, अर्क गाळायचे, गोळ्या वळायच्या, हे सगळे तिथेच होई. आणि दुखण्यावरच्या औषधांत सगळ्यात जास्त खप अफूचा. दातदुखी, खोकला, जुलाब, झोप न येणे, शस्त्रक्रियेनंतरच्या कळा, सगळ्यावर अफूच. दारूत मुरवलेली अफू, म्हणजे लॉडॅनम, घराघरात असे.

अडचण एकच होती. अफू कधी किती चढेल याचा नेम नव्हता. कोणत्या शेतातली, कोणत्या हंगामातली, किती वाळलेली, किती भेसळ असलेली, यावर तिची ताकद बदले. एकाच वजनाच्या दोन गोळ्यांपैकी एकीने दुखणे हलत नसे आणि दुसरीने रोग्याचा श्वासच थांबे. हा अनुभव युरोपपुरता नव्हता. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाने दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत, ही विसाव्या शतकापर्यंत चालत आलेली रीत होती. बाळ झोपे. कधी कधी उठत नसे.

थोडक्यात, दुखणे थांबवणारे औषध हाताशी होते, पण ते मोजता येत नव्हते.

मुलाने नेमके केले काय?

सेर्ट्युर्नरने १८०३ मध्ये सहायकाची परीक्षा दिली आणि कामाच्या तासांनंतर अफूवर प्रयोग सुरू केले. त्याचा विचार सरळ होता. अफू ही अनेक गोष्टींची खिचडी आहे, तर त्यातली झोप आणणारी गोष्ट कोणती, ती वेगळी काढू.

त्याने अफूचा अर्क काढला आणि त्यात अमोनिया घातला. तळाशी स्फटिक जमले. ते त्याने धुऊन शुद्ध केले आणि कुत्र्यांवर वापरून पाहिले. कुत्रे झोपी गेले. अफूच्या उरलेल्या भागात तो गुण नव्हता. म्हणजे झोप आणणारे तत्त्व स्फटिकांत होते.

यात आणखी एक मोठी गोष्ट दडली होती. वनस्पतींमधली प्रभावी द्रव्ये आम्लधर्मी असतात, असा त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. हे स्फटिक मात्र अल्कलीसारखे वागत होते. आज आपण ज्यांना अल्कलॉइड म्हणतो, त्या कुळातला वेगळा काढलेला हा पहिला पदार्थ. पुढे काही वर्षांतच स्ट्रिक्निन, कॅफिन आणि हिवतापावरचे क्विनीन हाती आले. त्यांची वाट इथून निघाली.

१८०५ आणि १८०६ मध्ये सेर्ट्युर्नरने हे एका जर्मन औषधविषयक मासिकात छापले. कोणी फारशी दखल घेतली नाही. लिहिणारा कोण, तर एका छोट्या शहरातला दुकानातला मुलगा. त्यातच पॅरिसमध्ये डेरोन आणि सेगॅं हेही अफूतून स्फटिक काढण्याच्या मागे होते. त्यामुळे आधी कोणी काढले हा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

तो पाऊण तास

१८०६ मध्ये सेर्ट्युर्नर आइनबेक या गावी गेला आणि काही वर्षांनी तिथे त्याने स्वतःचे दुकान थाटले. पण मनात अफूच होती. कुत्र्यांवरचे प्रयोग पुरेसे नाहीत, माणसावर काय होते ते कळले पाहिजे, असे त्याला वाटत होते. शेवटी त्याने स्वतः आणि सतरा वर्षांच्या आतल्या तीन मुलांनी मिळून ते घ्यायचे ठरवले. आज असा प्रयोग कोणतीही समिती मंजूर करणार नाही. तेव्हा समित्याच नव्हत्या.

प्रत्येकाने अर्धा ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण ३० मिलिग्रॅम, अल्कोहोलमध्ये विरघळवून पाणी घालून घेतले. थोड्या वेळाने चेहरे आणि डोळे लाल झाले, अंगात तरतरी आल्यासारखे वाटले. बस, एवढेच.

अर्ध्या तासाने प्रत्येकाने आणखी अर्धा ग्रेन घेतला. आता मळमळू लागले, डोके जड झाले, गरगरू लागले.

तरीही पाव तासाने तिसरा अर्धा ग्रेन घेतला, आणि तो विरघळवून नाही, जाडसर पूड करून.

मग मात्र पोटात तीव्र दुखू लागले, हातपाय गळाले, शुद्ध हरपू लागली. सेर्ट्युर्नर स्वतः आडवा झाला आणि स्वप्नात असल्यासारख्या अवस्थेत गेला. हातापायांना झटके येत होते. आपण चौघांनी विष घेतले आहे हे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने सगळ्यांना भरपूर व्हिनेगर पाजून ओकाऱ्या काढवल्या. चौघेही वाचले. पण रात्रभर गाढ झोप, आणि दुसऱ्या दिवशीही डोकेदुखी, पोटदुखी, अन्नावरची वासना गेलेली आणि शौचाला साफ न होणे, असा त्रास उरला.

हिशेब करा. पाऊण तासात प्रत्येकाच्या पोटात साधारण ९० मिलिग्रॅम मॉर्फिन गेले होते. आज ज्याने पूर्वी कधी हे औषध घेतलेले नाही अशा मोठ्या माणसाला तोंडाने द्यायची सुरुवातीची मात्रा साधारण ५ ते १० मिलिग्रॅम असते, आणि पुढची चार तासांनी.

पण खरी चूक नुसत्या आकड्यात नव्हती. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा जोर पूर्ण चढायला साधारण तास लागतो. सेर्ट्युर्नरने दुसरा डोस घेतला तेव्हा पहिल्याचे काम संपले नव्हते. तिसरा घेतला तेव्हा पहिले दोन अजून चढत होते. आता कुठे फार काही जाणवतेय, असे वाटण्याच्या नादात तीन डोस एकावर एक रचले गेले आणि सगळे एकदम कोसळले.

कौतुक आले, पण उशिरा

१८१७ मध्ये हा सगळा वृत्तांत छापून आला. झोप आणि स्वप्नांशी जोडलेल्या मॉर्फियस या ग्रीक देवतेवरून सेर्ट्युर्नरने आपल्या पदार्थाला मॉर्फियम म्हटले होते. पॅरिसचा नामवंत शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याच्या नजरेस तो लेख पडला, त्याने तो फ्रेंचमध्ये आणवला आणि नाव मॉर्फिन असे रूढ झाले. त्याच वर्षी येना विद्यापीठाने सेर्ट्युर्नरला मानद डॉक्टरेट दिली.

घरी मात्र दिवस वाईट होते. आइनबेकचे दुकान नेपोलियनच्या अमलातल्या कायद्यांमुळे उघडता आले होते. तो अंमल गेला, जुने कायदे परत आले, आणि परवान्यावरून कोर्टकचेऱ्या होऊन दुकान हातचे गेले. मग तो हामेल्न गावी आला. हो, तेच ते पुंगीवाल्याच्या आणि उंदरांच्या गोष्टीतले हॅमेलिन. तिथे त्याने गावची औषधशाळा घेतली, संसार थाटला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

१८३१ मध्ये फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने त्याला २००० फ्रँकचे माँत्यों पारितोषिक दिले आणि मॉर्फिनच्या शोधाचे श्रेय त्याच्या नावावर लागले. त्याच सुमारास युरोपात कॉलरा पसरला होता. हा रोग स्वतःची वाढ करणाऱ्या एखाद्या सजीव विषारी घटकामुळे होतो, असा त्याने तर्क मांडला. जंतूंचा सिद्धांत यायला अजून कित्येक वर्षे होती. तेव्हाही कोणी ऐकले नाही. शेवटची वर्षे आजारपणात आणि एकटेपणात गेली. २० फेब्रुवारी १८४१ रोजी त्याचे निधन झाले. दफन आइनबेकमध्ये झाले.

मोजता येणारे औषध, पण वेळेचे काय?

सेर्ट्युर्नरने अफूला वजनात बांधले. १८२७ मध्ये डार्मस्टाटच्या मर्क यांनी मॉर्फिन व्यापारी प्रमाणावर बनवायला घेतले. १८५० च्या दशकात इंजेक्शनची सुई आली. मात्रा मिलिग्रॅममध्ये सांगता येऊ लागली. एक प्रश्न मात्र उरला. मॉर्फिनचा असर चार तासांत उतरतो. मग ज्याचे दुखणे चोवीस तास आहे त्याने काय करायचे?

बरीच वर्षे याचे उत्तर होते : दुखेल तेव्हा माग. रोगी कळा सोसत राही, मग डोस मिळे, मग गुंगी, मग पुन्हा कळा. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे बदलले. दुखणे परत येण्याआधीच, घड्याळ लावून, तोंडाने ठरलेली मात्रा द्यायची. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी हेच सूत्र जगापुढे ठेवले : तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे.

पण चार-चार तासांनी म्हणजे रात्री दोनलाही उठायचे. म्हणून १९८० च्या दशकात आल्या सावकाश सुटणाऱ्या गोळ्या. पाकिटावर त्यांच्या नावापुढे एसआर, सीआर किंवा ईआर अशी अक्षरे असतात. गोळीत औषध मेणासारख्या किंवा जेलसारख्या पदार्थात जखडलेले असते. पोटात ओल लागली की ते थोडे थोडे झिरपते, आणि एक गोळी साधारण बारा तास पुरते. वेदना कमी करणाऱ्या चिकटपट्ट्यांमागेही, जशी फेंटानिलची पट्टी, हीच कल्पना आहे. औषध त्वचेतून हळूहळू अंगात जाते.

एक गोळी फोडली तर काय होते?

समजा एखाद्या रुग्णाला दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन लागते. साध्या गोळ्यांनी ते १०-१० करून सहा वेळा द्यावे लागेल. सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांनी ३० मिलिग्रॅमची एक सकाळी, एक रात्री.

आता गिळायला त्रास होतो म्हणून घरच्यांनी प्रेमापोटी ती ३० ची गोळी खलबत्त्यात कुटून मधातून दिली. जखडलेले औषध मोकळे झाले. बारा तासांचे ३० मिलिग्रॅम एकदम अंगात गेले. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? सेर्ट्युर्नरचा अर्धा ग्रेन.

दुसरी चूकही त्याचीच. सावकाश सुटणाऱ्या गोळीचा जोर चढायला काही तास लागतात. तासाभरात आराम नाही म्हणून कोणी दुसरी गोळी दिली, मग तिसरी, तर तोच पाऊण तास पुन्हा घडतो. फरक इतकाच की या वेळी विष उतरायलाही खूप जास्त वेळ लागतो.

अमेरिकेने याची मोठी किंमत मोजली. १९९६ मध्ये तिथे ऑक्सिकोडोनची सावकाश सुटणारी ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आली. औषध हळूहळू सुटते म्हणून व्यसन कमी लागेल, असे डॉक्टरांना सांगितले गेले. लोकांनी गोळी कुटून ओढली, विरघळवून टोचली. २००७ मध्ये पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीने औषधाबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. तोवर असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती. २००५ मध्ये हायड्रोमॉर्फोनची अशीच एक कॅप्सूल तिथे बाजारातून काढावी लागली, कारण ती दारूबरोबर घेतली तर सगळे औषध एकदम सुटत होते.

मग घरात ही गोळी असेल तर काय पाळायचे?

• गोळी अख्खी, पाण्याबरोबर गिळायची. फोडायची, चघळायची, कुटायची, विरघळवायची नाही. गिळता येत नसेल किंवा नळीने अन्न देत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते साधे द्रावण किंवा पट्टी देऊ शकतात.

• वेळ घड्याळाची. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घ्यायचे नाहीत. मधेच कळ आली तर त्यासाठी डॉक्टर लवकर असर करणारे वेगळे औषध लिहून देतात, ते घ्यायचे. लांब चालणारी गोळी त्यासाठी नाही.

• दातदुखी, दोन दिवसांचे दुखणे किंवा शेजाऱ्यांची पाठदुखी, यासाठी ही गोळी नाही. सहसा डॉक्टर आधी साध्या मात्रेवर रोजची गरज मोजतात आणि मगच यावर आणतात. एकाची मात्रा दुसऱ्याचा जीव घेऊ शकते.

• दारू नको. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा आजार असेल तर तेही सांगा. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर मॉर्फिनचे अंश अंगात साचतात.

• पट्टी लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी, शेक नको. उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जाते. जुनी पट्टी काढल्याशिवाय नवी लावायची नाही.

• बद्धकोष्ठ होणारच. सेर्ट्युर्नरच्या मुलांनाही झाले होते. गुंगी आणि मळमळ काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र टिकते. त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून विचारून घ्या.

• बरे वाटले म्हणून एकदम बंद करायचे नाही. अंगाला सवय झालेली असते, त्यामुळे घाम, जुलाब, तळमळ सुरू होते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

• कुलुपात ठेवा, गोळ्या मोजून ठेवा. उरलेल्या गोळ्या आणि वापरलेल्या पट्ट्या दवाखान्यात किंवा औषध दिलेल्या दुकानात विचारून परत करा. वापरलेल्या पट्टीतही लहान मुलाला पुरेल इतके विष उरलेले असते.

धोक्याची खूण कोणती?

माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास फार मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. यातले काही दिसले तर झोपलाय, झोपू दे, असे म्हणू नका. १०८ ला फोन करा, माणसाला कुशीवर वळवा, पट्टी असेल तर काढा आणि गोळीचे पाकीट सोबत न्या. रुग्णालयात नॅलॉक्सोनचे इंजेक्शन देऊन असर उलटवता येतो. पण लांब चालणाऱ्या गोळीचा जोर नॅलॉक्सोनपेक्षा जास्त टिकतो, त्यामुळे शुद्ध आल्यावरही काही तास देखरेखीखाली राहावे लागते.

आणि सेर्ट्युर्नरची एक गोष्ट मात्र करू नका. त्याने व्हिनेगर पाजून ओकाऱ्या काढवल्या. गुंगीतल्या माणसाला असे केले तर उलटी फुफ्फुसात जाते.

भीती नको, शिस्त हवी

हे वाचून कोणी आजारी आईची गोळी बंद करू नये. भारतात उलटीही चूक बराच काळ झाली. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून औषधे बनतात. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कडक परवान्यांमुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवायलाच कचरू लागली, आणि कॅन्सरचे रुग्ण कळा सोसत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे सोपे नियम आले. मुंबईत १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालेल्या शांती आवेदना सदनाने, जे भारतातले पहिले हॉस्पिस आणि ज्याची शाखा पुढे गोव्यातही निघाली, शेवटचे दिवस वेदनेविना काढता येतात हे दाखवून दिले.

वेदनेसाठी, ठरल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले मॉर्फिन म्हणजे हार मानणे नव्हे. ते माणसाला बसून दोन घास खाऊ देते, नातवंडाशी बोलू देते, रात्री झोपू देते.

सेर्ट्युर्नरने अफूतले नेमके द्रव्य वेगळे काढले म्हणून ते मोजता आले. मोजूनही तो फसला, कारण पहिल्या डोसला त्याने वेळ दिला नाही. आज ती वेळ गोळीतच बांधून मिळते. आपल्याला फक्त गोळी मोडायची नाही आणि घड्याळ मोडायचे नाही.